अर्धा आटा

काकवीत लोखंड भिजत घातलंय माझ्या बापानं.
निळं पिंप, एक भाग काकवी, नऊ भाग पाणी,
आणि नॉरवुडच्या आमच्या गॅरेजात ऑक्टोबरभर
आंबूस गोड वास.
शेजारचे हॅन्सफोर्ड कुंपणावरून विचारतात,
दारू गाळतोस की काय, क्लिफ्टन?
केंटकीच्या डोंगरातून आलेल्या माणसाला
असं विचारणं म्हणजे अर्धा मानच.

पिंपात बिजागऱ्या आहेत.
एकोणसत्तरची कॅमेरो, गर्द हिरवी,
इथून चार गल्ल्यांवर जन्मलेली.
तिथे आता पार्किंग आहे
आणि दातांचा दवाखाना.

नवीन मिळतं सगळं.
मी त्याला फोनवर दाखवलं: दार, मडगार्ड, बॉनेट,
खोक्यात, घरपोच,
गंज नाही, पोचा नाही, मागचं काहीच नाही.
चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला,
"कवळीपण मिळते."
आणि पुन्हा वाकला.

तीन आठवडे एका मडगार्डवर.
हातोडी अशी चालवतो
की पलीकडच्या खोलीत निजलेलं मूल उठू नये.
मग डोळे मिटून तळवा फिरवतो.
डोळ्याला सगळं उशिरा कळतं, म्हणतो.

फायरवॉलवर, तेलाच्या काळ्या थराखाली,
खडूची एक खूण निघाली.
पिवळी, तिरकी, घाईत ओढलेली.
पाळी सुटायला पाच मिनिटं असतील.
थिनरचा बोळा हातात तसाच धरून
तो बराच वेळ उभा.
"डेल्मर असेल," म्हणाला. "किंवा कुणीही."
अठरा वर्षं तो स्वतः तिथेच होता, सीटांच्या लाईनीवर.
त्या खुणेला त्यानं कापडसुद्धा लागू दिलं नाही.
डिकीच्या आत रंगाचा एक ओघळ आहे,
तोही ठेवायचा.
चूक झाली तरी ती अस्सल पाहिजे.

मग आईचं दार.
ते कधीच धड लागलं नाही.
बावीस वर्षं लुएलानं ते कमरेनं लावलं:
दोन्ही हातांत किराणा, ओठांत किल्ली,
आणि कमरेचा एक हिसका. धप्.
तिथे तळहाताएवढा पोचा.
त्या धप् वरून आम्हा पोरांना कळायचं
आई आली,
आणि कशी आली.

मी विचारलं, याचं काय करणार?
"हा कारखान्यानं दिलेला नाही," तो म्हणाला
आणि हातोडी उचलली.
मी घरात गेले. भांडी घासली.
घासलेली पुन्हा घासली.
दुपारी पत्रा सपाट होता.
बघायला म्हणून गेले, तर दिसण्यासारखं
काही उरलंच नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या आधल्या दिवशी बिजागऱ्या बाहेर निघाल्या,
राखाडी, लख्ख, साच्याचे आकडे वाचता येतील अशा.
त्यानं दार टांगलं. फट मोजली,
वर तेवढीच, खाली तेवढीच.
एका बोटानं ढकललं.
क्लिक.
असा आवाज त्या दारानं जन्मात केला नव्हता.
उघडलं. क्लिक.
उघडलं. क्लिक.
चौथ्यांदा उघडलं ते उघडंच ठेवलं
आणि पाना शोधायला लागला,
जो त्याच्या हातातच होता.

वरच्या बिजागरीचा बोल्ट, अर्धा आटा.
दार केसभर खाली बसू दिलं
आणि तिथेच आवळलं.
आता बोटानं लागेना. हातानंही लागेना.

"कारखान्यातूनच तसं आलं होतं,"
माझ्याकडे न बघता म्हणाला.
"पहिल्या दिवसापासून. विचार कुणालाही."

विचारावं असं कुणी राहिलेलं नाही.
माझ्या हातांत स्पार्क प्लगांचे डबे होते, दोन्ही हातांत.
मी आडवी वळले
आणि कमरेनं लावलं.

तो आला. डोळे मिटून
पत्र्यावरून तळवा फिरवला.
रंग अजून द्यायचा होता.
हातोडी बाकावरच राहिली.